हलक्या सोन्यावर उभं राहिलेलं शहर: जोहान्सबर्गची पहिली वर्षं

जगातली बहुतेक मोठी शहरं पाण्याच्या आधाराने वाढली. मुंबईला बंदर आहे, पुण्याला मुळा-मुठा, लंडनला थेम्स. दक्षिण आफ्रिकेतलं जोहान्सबर्ग या हिशेबात बसत नाही. समुद्र चारशे किलोमीटरहून लांब, नाव घेण्याजोगी नदी नाही आणि उंची सुमारे १,७५० मीटर. शहर ज्या डोंगररांगेवर वसलंय ती चक्क पाणी विभागणारी रेषा आहे. रांगेच्या उत्तरेला पडलेला पाऊस लिंपोपो नदीतून हिंदी महासागराला मिळतो आणि दक्षिणेला पडलेला ऑरेंज नदीतून अटलांटिकला. म्हणजे पाणी इथून दोन्ही बाजूंना निघून जातं, थांबत नाही.

या रांगेचं नाव विटवाटर्सरँड, तोंडी नुसतं रँड. १८८६ च्या सुरुवातीला इथे गवताळ माळ होता आणि लांब लांब विखुरलेली बोअर शेतकऱ्यांची घरं. बोअर म्हणजे मूळचे डच वंशाचे, आफ्रिकेत स्थायिक झालेले गोरे शेतकरी. त्यांच्याही आधी इथे आफ्रिकी लोकांची वस्ती होती. आजच्या शहरातल्या मेलव्हिल कॉपीज या टेकडीवर लोखंड गाळण्याच्या त्यांच्या जुन्या भट्ट्या सापडल्या आहेत. १८८६ नंतर मात्र इथे जे झालं ते सगळ्यांनाच नवं होतं. दहा वर्षांत माळावर एक लाख माणसांचं शहर उभं राहिलं.

सोनं सापडलं म्हणून शहर वसलं, हे उत्तर अर्धंच आहे. सोनं बऱ्याच ठिकाणी सापडतं आणि बहुतेक ठिकाणची गावं चार-पाच वर्षांत ओस पडतात. याच देशात पूर्वेला बार्बर्टन नावाचं गाव १८८४ मध्ये वसलं. तिथल्या शेबा खाणीतला दगड अतिशय कसदार होता, म्हणजे त्यात सोनं भरपूर होतं. गावात दारूचे गुत्ते आले, हॉटेलं आली, शेअर बाजारही आला. आणि काही वर्षांतच माणसं सामान बांधून निघाली. त्यातली कितीतरी रँडवर आली, जिथला दगड शेबाच्या मानाने अगदीच हलका होता, म्हणजे त्यात सोनं कमी होतं. गंमत अशी की रँडचं शहर टिकलं ते या हलकेपणामुळेच. ते कसं, हे समजायला आधी दगड समजून घ्यावा लागतो.

दगडातलं सोनं

सोनं ढोबळमानाने दोन प्रकारे हाती लागतं. एक, नदीच्या वाळूत. डोंगरातला सोन्याचा दगड झिजतो, पाणी तो वाहून आणतं, आणि सोनं जड असल्यामुळे तळाशी बसतं. हे सोनं काढायला घमेलं, फावडं आणि वाकलेली पाठ एवढं पुरतं. १८४८-४९ च्या कॅलिफोर्नियात जगभरातले लोक धावले ते यासाठी. हातात पैसा नसलेला माणूसही तिथे नशीब आजमावू शकत होता. अशा जागी गर्दी लवकर होते आणि वाळू संपली की लवकर ओसरतेही.

दुसरा प्रकार म्हणजे खडकात अडकलेलं सोनं. रँडचं सोनं या प्रकारातलं, पण त्यातही विलक्षण. इथे सोनं असलेला थर म्हणजे गारगोटीचे गुळगुळीत गोटे एकमेकांना चिकटून झालेला दगड. बोअर लोकांना तो पाहून त्यांच्या बदामाच्या मिठाईची आठवण झाली आणि त्यांनी दगडालाही तिचंच नाव दिलं: बँकेट. आपण पाहिला तर शेंगदाण्याची चिक्की म्हणू. दाणे म्हणजे गोटे आणि सोनं असतं ते दाण्यांत नाही, मधल्या गुळात. तेही इतकं बारीक की डोळ्यांना सहसा दिसतच नाही. पावणेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या आसपास इथे एक मोठं खोरं होतं. नद्यांनी त्यात गोटे आणून टाकले, त्यांचे थर साचले आणि पुढे दाबाखाली त्यांचा दगड झाला. ते सोनं गोट्यांबरोबर वाहत आलं की नंतर गरम पाण्यातून थरांत शिरलं, यावर भूवैज्ञानिक शंभर वर्षं भांडले. वाहत आलं आणि नंतर थोडं जागा बदलून बसलं, याकडे आज बहुतेकांचा कल आहे.

आपल्या गोष्टीसाठी या थराचे तीन गुण महत्त्वाचे. तो प्रचंड लांब होता, पूर्व-पश्चिम पन्नास-साठ किलोमीटर सलग माग काढता येईल इतका. तो दक्षिणेकडे तिरका जमिनीत उतरत होता आणि खोल गेला तरी संपत नव्हता. आणि त्यात सोनं कमी होतं. टनभर दगड फोडला तर दहा-बारा ग्रॅमच्या आसपास सोनं हाती लागायचं. ढेकूळ सापडून एका दिवसात श्रीमंत होण्याची शक्यता इथे जवळपास शून्य. पण दगड शिस्तीने फोडत राहिलं तर आज, उद्या आणि वीस वर्षांनीही तेवढंच सोनं मिळणार याची खात्री. खजिना शोधणाऱ्याला असली जमीन निरुपयोगी वाटेल. कारखानदाराला याहून चांगली जमीन मिळणार नाही.

दहा पौंडांचा क्लेम

फ्रेड आणि हॅरी स्ट्रूबेन हे भाऊ १८८४ पासूनच या रांगेत सोनं शोधत होते. त्यांना थोडं मिळालंही. पण मुख्य थर दिसला तो १८८६ च्या सुरुवातीला, लांगलाग्ते नावाच्या शेतावर. मान जातो जॉर्ज हॅरिसन या फिरत्या माणसाला. त्याच्यासोबत जॉर्ज वॉकर नावाचा साथीदार होता आणि आधी कुणाला दिसलं यावर पुढे वाद झाले. सरकारदरबारी नोंद हॅरिसनच्या नावावर आहे. शोध लावणाऱ्याचा म्हणून त्याला एक क्लेम फुकट मिळाला. क्लेम म्हणजे खणण्याचा हक्क असलेला जमिनीचा तुकडा, थराच्या दिशेने १५० फूट आणि आडवा ४०० फूट. तो हक्क त्याने दहा पौंडांना विकला आणि निघून गेला. पुढे त्याचं काय झालं याचा पत्ता नाही. सिंहाने खाल्लं अशी दंतकथा आहे.

हॅरिसनला मूर्ख म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. एका माणसाला त्या दगडातून सोनं काढताच आलं नसतं. दगड फोडून पीठ करायला वाफेवर चालणाऱ्या हातोड्यांच्या गिरण्या लागत. त्या इंग्लंडहून बोटीने येणार आणि पुढे बैलगाडीने. खाणीत उतरायच्या विहिरी खणायला माणसं, टेकू द्यायला लाकूड, इंजिनाला कोळसा. दहा पौंडांचा क्लेम राबवायला हजारो पौंडांचं भांडवल हवं होतं आणि ते हॅरिसनकडे नव्हतं.

ज्यांच्याकडे होतं ते नैऋत्येला पाचशे किलोमीटरवर, किंबर्लीला बसले होते. तिथे १८७० पासून हिऱ्याच्या खाणी चालू होत्या. पंधरा वर्षांत तिथले छोटे खाणवाले एकेक करून संपले होते आणि पैसा मोजक्या हातांत गोळा झाला होता. सेसिल ऱ्होड्स, आल्फ्रेड बाइट, जे. बी. रॉबिन्सन हे त्यातले. त्यांना खाणीचा धंदा कळत होता, लंडन-पॅरिसच्या सावकारी पेढ्यांशी त्यांची ओळख होती आणि किंबर्लीपर्यंत १८८५ मध्ये रेल्वेही पोचली होती. १८८६ च्या पावसाळ्याआधीच रॉबिन्सन रँडवर येऊन शेतं घेत सुटला. सोनं सापडताच एवढा मोठा, तयार पैसा हाकेच्या अंतरावर असणं ही जोहान्सबर्गच्या वाट्याला आलेली पहिली लॉटरी.

त्रिकोणी पडीक जमीन

हा मुलूख तेव्हा बोअरांच्या एका गरीब प्रजासत्ताकात होता. राजधानी प्रिटोरिया, अध्यक्ष पॉल क्रूगर, तिजोरीत खडखडाट. त्यांच्या कायद्याने जमीन शेतकऱ्याची असली तरी सोनं खणू देण्याचा हक्क सरकारचा. सरकारने एखादं शेत ‘सार्वजनिक खाण’ म्हणून जाहीर केलं की कुणीही परवाना काढून क्लेम आखू शके. मालकाला त्या परवान्याच्या पैशांतला वाटा आणि स्वतःसाठी राखीव तुकडा मिळे.

८ सप्टेंबर १८८६ च्या घोषणेने अशी नऊ शेतं खुली झाली आणि २० सप्टेंबरपासून टप्प्याटप्प्याने ती खणायला मिळाली. खाण आयुक्त कार्ल फॉन ब्रँडिसने तंबू आणि गाड्यांच्या गराड्यात, फरेराज कॅम्प नावाच्या तळावर, ती जाहीर वाचून दाखवली. त्या नवांपैकी एक शेत नावालाच शेत होतं: रांजेस्लाग्ते. आजूबाजूच्या शेतांची मोजणी करताना हद्दी जुळल्या नाहीत म्हणून मधे उरलेला एक त्रिकोण. पाणी नाही, कुणाची मालकी नाही, म्हणून तो सरकारच्या नावावर राहिला होता. आपल्याकडे गटांच्या मधे अशा पडीक पाचरी राहतात, ज्यावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं होतात, तसाच हा प्रकार. गाव वसवायला सरकारला फुकटची जमीन हवी होती. ती हीच.

मोजणीदार जोस डी व्हिलियर्सने तिथे सुमारे सहाशे प्लॉट आखले, बहुतेक पन्नास फूट बाय पन्नास फूट. चौकांमधलं अंतर अगदी कमी ठेवलं. त्यामुळे रस्ते भरपूर झाले आणि कोपऱ्यावरचे प्लॉटही भरपूर. दुकानदार कोपऱ्याला जास्त पैसे देतो, हे सरकारला माहीत होतं. ८ डिसेंबर १८८६ ला पहिला लिलाव झाला. सोनं संपलं की गाव उठणार, तेव्हा बागा, मैदानं, रुंद रस्ते कुणासाठी, हा त्या आखणीमागचा विचार. जोहान्सबर्गच्या जुन्या मध्यवस्तीत आजही एक चौक ओलांडून श्वास घेतो न घेतो तोच दुसरा चौक येतो, तो या लिलावाचा वारसा. अपवाद एकच: बाजाराचा चौक. तो ऐसपैस ठेवला, कारण सोळा-सोळा बैल जुंपलेल्या मालगाड्या तिथे वळायच्या होत्या. पुढे या चौकातच पोस्ट ऑफिस, नगरभवन आणि सार्वजनिक ग्रंथालय उभं राहिलं.

नाव जोहान्सबर्ग का पडलं? योहानेस रिसिक आणि ख्रिस्तियान योहानेस यूबेर या दोन सरकारी माणसांवरून, असं सर्वसाधारणपणे मानतात. त्या काळी योहानेस नाव गल्लोगल्ली होतं, त्यामुळे दावेदार आणखीही आहेत.

पहिली घरं पत्र्याची. नालीदार पत्रे आणि लाकडी चौकटी किंबर्लीहून, डर्बनहून बैलगाडीवर लादून यायच्या आणि दोन दिवसांत घर उभं. माळावर झाड नव्हतंच. स्टँडर्ड बँकेने पहिला व्यवहार तंबूत केला. वर्षभरात शेअर बाजार उघडला. त्याची इमारत लवकरच अपुरी पडली तेव्हा सिमंड्स रस्त्याच्या दोन्ही टोकांना साखळ्या बांधून गाड्या बंद केल्या आणि भर रस्त्यात सौदे सुरू झाले. हे दृश्य नीट डोळ्यांसमोर आणा. गटारं नाहीत, नळ नाहीत, पाणी पिंपाने विकत घ्यायचं, धुळीने डोळे भरायचे आणि त्या धुळीत उभी राहून माणसं लंडनच्या भावाने शेअर ओरडतायत. रँडला घमेलं घेऊन सोनं शोधता येत नव्हतं. सामान्य माणसाने नशीब आजमावायची जागा म्हणजे तो साखळ्यांमधला रस्ता. सोन्यापेक्षा कागदाचाच ज्वर मोठा होता.

खोलवरचा दगड आणि पारा

१८८९ मध्ये हा ज्वर उतरला, आणि तोही एका रासायनिक कारणाने. शहराच्या पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली इथे आहे म्हणून जरा सावकाश पाहू.

दगड दळून त्याचं पीठ झालं की ते पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडत. पारा सोन्याला धरून ठेवतो. मग तो खरवडून तापवला की पारा उडून जातो आणि सोनं उरतं. जमिनीलगतच्या दगडात ही युक्ती छान चाले. त्या दगडात मुळात गंधक आणि लोखंडाचं खनिज असतं, पायराइट. पण हवा आणि पावसाचं पाणी लागून वरच्या थरातल्या पायराइटचा हजारो वर्षांत गंज झालेला होता आणि त्यात अडकलेलं सोनं मोकळं झालं होतं. खाणी शे-दीडशे फूट खाली गेल्या तसा ताजा, निळसर दगड लागला. त्यातलं पायराइट शाबूत होतं. सोनं त्याला बिलगून बसलेलं आणि पारा त्याला धरेना. गिरणीतून जाणाऱ्या सोन्याचा मोठा हिस्सा गाळाबरोबर वाहून जाऊ लागला.

सोनं संपलं नव्हतं, ते काढता येत नव्हतं. बाजाराला दोन्हींत फरक पडला नाही. शेअर कोसळले, बँकांनी कर्जं मागितली, कंपन्या बुडाल्या आणि लोक गाव सोडून निघाले. बार्बर्टनची पुनरावृत्ती होणार असं वाटण्याजोगे दिवस होते ते.

तोडगा आला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून. जॉन स्टुअर्ट मॅकआर्थर हा रसायनतज्ज्ञ आणि रॉबर्ट व विल्यम फॉरेस्ट हे दोघे डॉक्टर भाऊ यांनी १८८७ मध्ये सायनाइडच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. सोनं आम्लात सहसा विरघळत नाही, पण सायनाइडच्या अगदी पातळ द्रावणात, हवेतला ऑक्सिजन मिळाला की, ते हळूहळू विरघळतं. म्हणजे दळलेल्या दगडाचा चोथा मोठ्या टाक्यांत भरायचा, त्यावर द्रावण सोडायचं, ते झिरपत झिरपत सोनं घेऊन खाली येतं. मग ते द्रावण जस्ताच्या किसावरून सोडलं की जस्त विरघळतं आणि सोनं काळ्या चिखलासारखं खाली बसतं. १८९० मध्ये रँडवरच्या सॅलिसबरी खाणीत याचं प्रात्यक्षिक झालं. दगडातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सोनं हाती लागू लागलं. काही वर्षांत जवळपास प्रत्येक खाणीने टाक्या बांधल्या आणि १८९६ मध्ये तिथल्या न्यायालयाने ते पेटंट रद्द केल्यावर पद्धत सगळ्यांनाच मोकळी झाली.

टाक्यांतून उरलेली वाळू खाणीच्या शेजारी ओतली जायची. शहराच्या दक्षिणेला पिवळट, सपाट माथ्याचे डोंगर उभे राहिले ते तेव्हापासून. त्यातल्या पायराइटला आता हवापाणी लागतं आणि त्यापासून आम्ल तयार होतं. ज्या खनिजाने १८८९ मध्ये शहर जवळजवळ बुडवलं होतं, ते आज तिथलं भूजल नासवतंय. वारा सुटला की धूळ दक्षिणेकडच्या वस्त्यांवर बसते आणि तिथे कोण राहतं हेही याच इतिहासाने ठरवलं.

खोल खाणी, कोळसा, रेल्वे

दुसरा प्रश्न खोलीचा. थर दक्षिणेकडे तिरका उतरतो म्हटल्यावर जमिनीवर जिथे तो दिसतो तिथून दूर दक्षिणेला, खूप खोल, तो असणारच. इथला कायदा क्लेमच्या हद्दीतून सरळ खालीच खणू देत होता, थरामागे शेजारच्या हद्दीत शिरता येत नसे. म्हणून दक्षिणेकडची जमीन वेगळी विकत घ्यावी लागे. १८९० च्या सुमारास छिद्रं पाडून तपासलं तेव्हा थर खरोखर खाली सापडला. बाइट आणि त्याच्या भागीदारांनी अशा जमिनी आधीच स्वस्तात गोळा केल्या होत्या. १८९३ मध्ये त्यांनी रँड माइन्स ही कंपनी काढली.

खोल खाण म्हणजे विहीर खणायला तीन-चार वर्षं, लाखो पौंड खर्च आणि तोपर्यंत उत्पन्न शून्य. एवढा पैसा अडकवलेली माणसं गाव उठू देत नाहीत. इथून पत्र्याच्या जागी विटा आल्या, मजले चढले, शाळा-दवाखाने आले. योगायोगाने पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर, बोक्सबर्गला कोळसा निघाला. तो आणायला रूळ हवे होते, पण बैलगाड्यांच्या वाहतुकीवर पोट असलेले शेतकरी रेल्वेच्या विरोधात होते. मग सरकारने तिला ट्राम म्हटलं. १८९० मध्ये ‘रँड ट्राम’ सुरू झाली. तिला वाफेचं इंजिन होतं, डबे होते, स्टेशनं होती. १८९२ मध्ये दक्षिणेकडच्या केप वसाहतीहून खरी रेल्वे आली, पाठोपाठ लोरेन्सो मार्केस, म्हणजे आजचं मापुतो, आणि डर्बन या बंदरांहूनही.

बोगद्यांना टेकू द्यायला लाकूड लागे, म्हणून शहराच्या उत्तरेला निलगिरीसारखी लवकर वाढणारी लाखो झाडं लावली गेली. त्या लाकूडबनातूनच पुढे सॅक्सनवोल्डसारख्या श्रीमंत, गर्द सावलीच्या वस्त्या निघाल्या.

या धावपळीचा धोका कळला १९ फेब्रुवारी १८९६ ला. खाणींसाठी आलेले पन्नास टनांहून अधिक डायनामाइट भरलेले रेल्वेचे डबे ब्रामफॉन्टेन स्टेशनात तीन-चार दिवस उन्हात उभे होते. इंजिनाने त्यांना धक्का दिला आणि स्फोट झाला. सत्तरहून जास्त माणसं गेली, आणि ज्यांची घरं उडाली ती बहुतेक गरिबांची होती.

हिशेब जुळवला कुणी

आता सगळ्यात अवघड भाग. व्यापाऱ्याचा खर्च वाढला की तो भाव वाढवतो. सोन्याला ते शक्य नव्हतं. तेव्हा जगातल्या मोठ्या चलनांची किंमतच सोन्यात ठरलेली असे, त्यामुळे शुद्ध सोन्याचा भाव औंसाला सव्वाचार पौंडांच्या आसपास कायमचा बांधलेला. यंत्रं, कोळसा, डायनामाइट यांच्या किमती खाणवाल्यांच्या हातात नव्हत्या. डायनामाइटवर तर सरकारने मक्तेदारी देऊन ठेवलेली. दगड हलका, भाव बांधलेला, खर्च मोठा. मग कात्री लावायला एकच जागा उरली: काळ्या मजुराची मजुरी.

खाणमालकांनी चेंबर ऑफ माइन्स ही संघटना उभारली. एकमेकांशी स्पर्धा करून मजुरी वाढू द्यायची नाही, हे तिचं एक मुख्य काम. १८९० मध्ये मजुरी एकजुटीने उतरवली, १८९६-९७ मध्ये पुन्हा. मजूर मिळेनात तेव्हा दलाल लांबवर पाठवले. शतकाच्या शेवटी रँडच्या खाणींत सुमारे एक लाख आफ्रिकी कामगार होते आणि त्यातले निम्म्याहून जास्त पोर्तुगीजांच्या मोझांबिकमधले. ते करारावर यायचे, बायकापोरं गावीच. राहायला खाणीच्या आवारातल्या कुंपणबंद बराकी. १८९५ च्या पासच्या कायद्याने परवान्याशिवाय फिरणं आणि करार मोडून जाणं हा गुन्हा ठरला. ब्रिटनहून आलेल्या गोऱ्या कुशल कामगाराची आठवड्याची कमाई या मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त होती. पुढे वंशभेदाच्या राजवटीने जी यंत्रणा देशभर राबवली, तिचे कितीतरी सुटे भाग इथे, हलक्या दगडाचा हिशेब जुळवताना तयार झाले. जोहान्सबर्गच्या झटपट वाढीचं कौतुक वाचताना हे बाजूला ठेवता येत नाही, ठेवूही नये.

खाणीबाहेर मात्र काही काळ लोकांनी स्वतःच्या वाटा काढल्या. हजारो एकटे पुरुष, बायका फारच कमी, म्हणजे कपडे धुणार कोण? हे काम झुलू पुरुषांनी हाती घेतलं. ब्रामफॉन्टेनच्या ओढ्यावर रांगेने उभे राहून ते दगडांवर कपडे धूत. लोक त्यांना ‘आमावाशा’ म्हणत. त्यांच्या डोक्याला फेटे असत, कारण हा धंदा त्यांनी डर्बनभोवतीच्या नाताळ वसाहतीतल्या भारतीय धोब्यांना पाहून उचलला होता. १८९६ पर्यंत त्यांची संख्या हजारावर गेली होती, त्यांचे परवाने होते आणि खाणीपेक्षा कमाई चांगली होती. दुष्काळाने ओढ्याचं पाणी घाण झालं तेव्हा नगर प्रशासनाने त्यांना कित्येक मैल दूर हलवलं, आणि पुढे वाफेवरच्या लाँड्र्या आल्या. बैलगाडीचा धंदा रेल्वेने बुडवलेले गरीब बोअर त्याच ओढ्याच्या चिकणमातीच्या विटा पाडायला लागले. त्यांनाही शहराने हुसकावलं.

१८९६ च्या मोजणीत बाजाराच्या चौकापासून तीन मैलांच्या आत एक लाख दोन हजारांच्या आसपास माणसं भरली, त्यातली निम्मी गोरी. १८९८ मध्ये जगातल्या सोन्यापैकी २७ टक्के या एका प्रजासत्ताकातून येत होतं. वर्षभरात ब्रिटन आणि बोअर यांच्यात युद्ध पेटलं आणि ३१ मे १९०० ला ब्रिटिश फौजा शहरात शिरल्या.

आपली माणसं

भारतीयही सुरुवातीपासून या शहरात होते, व्यापारी म्हणून, फेरीवाले म्हणून, नाताळच्या उसाच्या मळ्यांतला करार संपवून आलेले मजूर म्हणून. शहर जन्मण्याआधीच, १८८५ च्या कायद्याने, त्यांना ठरवून दिलेल्या वस्तीबाहेर जमीन घेण्याची बंदी होती. जोहान्सबर्गच्या पश्चिम कडेची त्यांची वस्ती ‘कुली लोकेशन’ या अपमानकारक नावाने ओळखली जाई. तिथे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर जागा दिल्या, पण रस्ते, दिवे, सफाई यांकडे नगरपालिकेने पाहिलं नाही.

मार्च १९०४ मध्ये जवळच्या एका खाणीत फुप्फुसाचा प्लेग उद्भवला आणि तिथले तेवीस भारतीय कामगार आजारी होऊन या वस्तीत परतले. मदनजीत नावाच्या कार्यकर्त्याने एका रिकाम्या घराचं कुलूप तोडून सगळ्यांना तिथे हलवलं आणि गांधीजींना बोलावून घेतलं. ते तेव्हा शहरात वकिली करत होते. त्या रुग्णांपैकी जवळजवळ कुणीच वाचलं नाही. नगरपालिकेने वस्ती रिकामी करून जाळायचं ठरवलं, तेव्हा लोकांना आपापल्या घरात पुरून ठेवलेली नाणी उकरून काढावी लागली. गांधीजींनी ती जंतुनाशक लावून बँकेत भरण्याची व्यवस्था केली. माणसांना क्लिपस्प्रुट इथे, शहराच्या मैलापाण्याच्या शेताजवळ, नेलं गेलं. तिथेच नंतर आफ्रिकी लोकांसाठी वस्ती बांधली आणि आजच्या सोवेटो या प्रचंड आफ्रिकी उपनगराची ती सुरुवात.

ऑक्टोबर १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले या शहरात आले. स्टेशनवर त्यांच्यासाठी कमान उभारली होती. भारतीयांनी दिलेलं मानपत्र होतं सोन्याच्या पत्र्यावर कोरलेलं आणि ते सोनं रँडच्याच खाणीतलं होतं. जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमान बरेच होते, थोडे महाराष्ट्रीय हिंदूही. त्यांची फार इच्छा होती म्हणून गांधीजींनी गोखल्यांना मराठीतून बोलायची गळ घातली आणि हिंदुस्थानीत भाषांतर करायचं काम स्वतःकडे घेतलं. गोखले मराठीत बोलले. तेव्हा शहराचं वय होतं सव्वीस. तिथे जमलेल्यांपैकी कुणाच्याही मुलाला, तो कितीही शिकला तरी, बाजाराच्या त्या चौकाजवळचा एक प्लॉट स्वतःच्या नावावर करता येत नव्हता.